सुख म्हणजे नीट फिरणारे चाक

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



आषाढात गुरुपौर्णिमा येते आणि पाऊसही त्याच वेळी जोर धरतो. वारासिवनीकडून वैनगंगेचा पूल ओलांडून, लांजीकडून, बैहरच्या घाटातून, गोंदियाकडून आपली माणसे दर्शनाला येतात. त्यातली कितीतरी मोटारसायकलवर. मुलगा चालवतो, मागे सूनबाई, मध्ये नातू, हँडलला प्रसादाची पिशवी. म्हणून आजचे चिंतन चाकावर आहे. वाचताना हसू नका, यात अध्यात्मही आहे आणि घरच्यांचा जीवही.

आधी एका शब्दाकडे बघू. आपण सगळे 'सुख' मागतो. हा शब्द ऋग्वेदात रथासाठी आलेला आहे. 'ख' म्हणजे पोकळी, चाकाच्या मधोमध आस बसतो ते भोक. 'सु' म्हणजे चांगले. ज्याचा आस नीट बसला आहे, जो न हिसकता चालतो, तो रथ 'सुख'. जाणकार या शब्दाची फोड अशी सांगतात. म्हणजे पहिल्यापासूनच सुखाचा अर्थ मऊ गादी नव्हता. रस्ता खडबडीत असला तरी चाक आपल्या मध्याला धरून फिरते, ते सुख.

आता मोटारसायकलचे चाक बघा. कोणतेही टायर, अगदी नवे कोरे असले तरी, सगळीकडे सारख्या वजनाचे नसते. कुठे चार-पाच ग्रॅम जास्त, कुठे कमी. रिमलाही वाल्व्हच्या बाजूला थोडा भार असतो. हा त्या टायरचा अपराध नाही, घडणच तशी. गाडी गल्लीतून हळू जाते तेव्हा काहीच कळत नाही. रस्ता मोकळा मिळाला, वेग वाढला, की हँडल थरथरू लागते.

याचे गणित समजून घेण्यासारखे आहे. समजा रिमवर एका बाजूला 20 ग्रॅम भार जास्त आहे. ताशी 60 किलोमीटरला चाक सेकंदाला जवळजवळ नऊ फेरे घेते, आणि तेच 20 ग्रॅम सव्वा किलोपेक्षा जास्त ताकदीने बाहेर ओढतात, प्रत्येक फेऱ्यात सतत बदलत्या दिशेने. वेग निम्मा केला तर ही ओढ पावपट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. दोष तेवढाच राहतो, वेग त्याला मोठा करतो.

आपल्या स्वभावाचेही असेच आहे ना? घरी सगळे शांत असताना आपण सगळेच संत. लग्नाची घाई, शेताची वाटणी, मुलाचा निकाल, दवाखान्याचा खर्च, असा जीवनाने वेग घेतला की आतली जड बाजू दिसते. कुणाचा राग जड, कुणाचा लोभ, कुणाची काळजी.

हँडल थरथरले की वडील मुलाला सांगतात, "अरे, घट्ट धर." घट्ट धरल्याने हात दुखतात, चाक सुधरत नाही. टायर एका जागी जास्त झिजते, बेअरिंगवर ताण येतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना पकड कमी पडते. राग दाबून धरणारा माणूसही असाच, वरून शांत आणि आतून झिजत असलेला.

मग चांगला मिस्त्री काय करतो? चाक काढून, आसावर मोकळे ठेवतो. जड बाजू आपोआप खाली येते. तो ती कापून काढत नाही. तिच्या बरोबर समोर, वरच्या बाजूला, रिमवर पाच-दहा ग्रॅमचे छोटे वजन लावतो. पुन्हा सोडून बघतो. चाक कुठेही थांबवले आणि ते तिथेच राहिले, आपणहून फिरले नाही, की बॅलन्स झाले. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात समत्वालाच योग म्हटले आहे. ते समत्व डोळ्यांनी बघायचे असेल तर असे चाक बघावे.

सद्गुरूंनी दिलेली साधना म्हणजे हे समोरचे छोटे वजन. लोभ जड असेल तर रोज मूठभर दान. जीभ जड असेल तर रोज थोडा वेळ मौन. काळजी जड असेल तर रात्री एक माळ नामाची. वजन छोटेच असते, पण नेमक्या जागी लागते. जड बाजूवरच आणखी वजन लावले तर हादरा वाढतो. सासरे तापले, मुलगाही तापला, सूनबाईही तापली, तर घराचे चाक कसे चालेल? कुणीतरी एकाने समोरच्या बाजूला बसावे लागते. मात्र दर वेळी तो भार घरातल्या एकाच बाईवर टाकू नये. आज एकाने, उद्या दुसऱ्याने.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. प्रत्येक थरथर बॅलन्सची नसते. हवा कमी असेल, तारा ढिल्या असतील, टायरला फुगा आला असेल, रिम वाकली असेल, तर वजन चिकटवून भागत नाही. आधी ते दुरुस्त करायचे, बॅलन्स नंतर. घरातही कुणाला दारूचे व्यसन लागले असेल, कुणाचे मन महिनोन्‌महिने उदास असेल, झोप उडाली असेल, तर "नाम घे, सगळं ठीक होईल" एवढे म्हणून थांबू नका. डॉक्टरांकडे न्या, सोबत नामही घ्या. डॉक्टरही देवाचेच हात आहेत.

आणि गाडीवर गुरुमाउलींचा फोटो लावला, लिंबू-मिरची बांधली, म्हणून चाक सरळ होत नाही. कृपा आहेच, पण कृपेने दिलेली बुद्धी वापरणे ही सुद्धा भक्तीच.

तर गुरुपौर्णिमेच्या आधी प्रत्येक घराने एवढी सेवा करावी:

1. टायर गार असताना हवा तपासा. मागे माणूस बसणार असेल तर कंपनीने सांगितलेली तेवढी हवा भरा.
2. रिमच्या आत सुकलेला चिखल धुऊन काढा. तोही एका बाजूचा भारच.
3. टायर बदलले की बॅलन्स करून मागा. आधी जुनी वजने काढायला सांगा. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती हलकी बाजू, ती वाल्व्हजवळ बसवतात. टायरवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने हवा.
4. तारांची चाके असतील तर तारा कसून आधी रिमचा आउट काढून घ्या.
5. एवढे करूनही हँडल थरथरले तर वेग कमी करा, थांबा, मिस्त्रीला दाखवा. दर्शनाला अर्धा तास उशीर झाला तरी चालेल.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी दिवा लावल्यावर पाच मिनिटे डोळे मिटून बसा. मनाचे चाक मोकळे सोडा. ते कोणत्या बाजूला झुकते ते फक्त बघा, रागावू नका. मग त्याच्या समोर एक छोटा नेम ठेवा आणि तो पौर्णिमेपर्यंत पाळा.

सगळे सुखरूप या, सुखरूप घरी जा. हा संदेश आपल्या घरच्या ग्रुपमध्ये, विशेषतः गाडी चालवणाऱ्या मुला-मुलींना, नक्की पाठवा.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥