अक्षता कुठं गेल्या?

बसू नकोस, उभा राहा. आणि तो मोबाइल खिशात ठेव. पडद्यावर तुझीच फाइल थांबवली आहे, सगळ्या वर्गाला दिसू दे. भोकरदनकडच्या लग्नाची मिनीडीव्ही कॅसेट, २००३ सालची. गिऱ्हाईक म्हणालं, जुनं लग्न जरा सफाईदार दिसेल असं करून द्या. तू साठ फ्रेमचं करून दिलंस आणि बिलावर ‘एआय’ लिहून वरचे पैसेही लावलेस. आता बघ काय दिलंस ते. मंगलाष्टकं चालू आहेत, अक्षता पडताहेत. कुठं आहेत अक्षता? या फ्रेमला दाणे आहेत, पुढच्या फ्रेमला दुधाळ डाग, त्याच्या पुढच्या फ्रेमला पुन्हा दाणे. नवरीच्या मुंडावळ्या हलल्या की तिचा गालही त्यांच्यासोबत ओढला जातोय. मागं उभी असलेली आजी हसतेय, तिच्यासमोरून कुणाचा तरी हात गेला आणि तिचे ओठ त्या हाताला चिकटून बाजूला सरकले. ती आजी आता नाही, हे त्या लोकांनी तुला कॅसेट देतानाच सांगितलं होतं. तिचं हसू वाकडं करायला तुला कुणी सांगितलं?

‘सर, सॉफ्टवेअरनं केलं’ म्हणू नकोस. सॉफ्टवेअर तुझ्या दुकानात भाडं भरत नाही.

पहिला प्रश्न. त्या कॅसेटवर एका सेकंदात किती क्षण आहेत? पंचवीस म्हणतोस. तिथंच तर चुकलास. पन्नास आहेत. आपल्याकडं त्या काळी दूरदर्शनपासून लग्नाच्या कॅमेऱ्यापर्यंत सगळा कारभार पाल पद्धतीचा होता. सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन फील्डची: एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. आणि ही दोन फील्ड एकाच वेळी टिपलेली नसतात, त्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. म्हणजे अक्षता पडताना त्या कॅमेऱ्यानं सेकंदाला पन्नास वेळा डोळा उघडला होता. वर्ग, ऐकताय ना? हे सगळ्यांसाठी आहे.

मग तू काय केलंस? पिवळी-पांढरी-लाल पिन असलेली ती स्वस्तातली यूएसबी डबी लावलीस. डीव्ही कॅसेटवरचा डेटा मुळातच डिजिटल. कॅमेऱ्यातून फायरवायरच्या केबलनं काढला असतास तर जसाच्या तसा उतरला असता, तासाला साधारण १३ जीबी. त्याऐवजी तू तो आधी अॅनालॉग करून घेतलास आणि मग त्या डबीनं त्याचं पुन्हा डिजिटल केलं. डबीची सेटिंग उघडूनही पाहिली नाहीस. ती ६४० बाय ४८० आणि ३० फ्रेमवर होती, कॅसेट ७२० बाय ५७६ आणि २५ ची. डबीनं दोन फील्डमधलं एक टाकून दिलं, वर पंचवीसचे तीस करायला सेकंदाला पाच फ्रेम दुबार घातल्या. आणि असला माल तू यंत्रासमोर ठेवून म्हणालास, मधले क्षण तूच तयार कर. घरची ज्वारी उकिरड्यावर टाकून मोंढ्यातून कोंडा विकत आणावा, तसलं हे काम.

दुबार फ्रेमांचं काय होतं तेही बघ. ही वरात. घोडा चालतोय, चालतोय, ठेचकाळला. परत चालतोय, ठेचकाळला. सेकंदाला पाच वेळा. दोन फ्रेम तंतोतंत सारख्या असल्या की यंत्राला वाटतं हालचाल थांबली, पुढच्या फ्रेमला ती एकदम सुटते. तू म्हणालास घोडाच लंगडत असेल. घोड्याला का बदनाम करतोस लेकरा? रेट वाढवायच्या आधी दुबार फ्रेम शोधून काढायच्या असतात. एफएफएमपेगमध्ये त्यासाठी एमपीडेसिमेट नावाचा फिल्टर आहे, मागच्याच आठवड्यात फळ्यावर लिहिला होता.

या कॅसेटचं खरं काम किती साधं होतं! फायरवायरनं काढायचं आणि डीइंटरलेस करताना, म्हणजे एकात गुंफलेली दोन फील्ड सोडवताना, प्रत्येक फील्डची एक फ्रेम करायची. एफएफएमपेगमधला बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर तेच करतो. यॅडिफ वापरायचा तर त्याचा मोड बदलावा लागतो, नाहीतर तो दोन फील्डमागं एकच फ्रेम देतो आणि निम्मे क्षण गेलेच म्हणून समज. हाताशी वेळ असेल तर क्यूटीजीएमसी. गाळलेल्या ओळी यातही भराव्याच लागतात, फुकट काही मिळत नाही. पण क्षण खरा असतो. फक्त डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं हे लक्षात ठेव. क्रम उलटा लागला तर माणसं एक पाऊल पुढं, अर्धं मागं अशी थरथरत चालतात. एवढं केलं की ५० फ्रेम हातात, आणि एकही मनानं रचलेली नाही. अक्षतेचा दाणा अर्धा मीटर खाली येईपर्यंत सेकंदाला सुमारे तीन मीटर वेग घेतो. पंचविसाव्या भागात तो बारा सेंटीमीटर पडतो, पन्नासाव्या भागात सहा. दाण्याची लांबी सहा-सात मिलिमीटर. स्वतःच्या लांबीच्या पंधरा-वीसपट उडी मारणारा दाणा, आजूबाजूला हुबेहूब तसलेच शेकडो दाणे. यातला कुठला दाणा कुठं गेला हे ओळखायला यंत्राला काय शकुन कळतो का?

आणि साठच कामून? मोबाइलच्या जाहिरातीत साठ लिहिलेलं असतं म्हणून? गणित कर. पंचवीसचे साठ केले तर बारा फ्रेममागं एकच मूळ क्षणावर बसते, अकरा अंदाजाच्या. पंचवीसचे पन्नास केले तर निम्म्या मूळच्याच राहतात. आपल्याकडच्या टीव्हीवर पन्नास सरळ चालतं.

आता तुझी दुसरी क्लिप, शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची. मोबाइलवर घेतलेली, ३० फ्रेमची. इथं मात्र खरोखरच अंदाज करावा लागतो, मधला क्षण कुठंच टिपलेला नाही. म्हणून अंदाज कसा होतो ते आधी समजून घे. दोन फ्रेममध्ये प्रत्येक ठिपका कुठून कुठं सरकला हे शोधायचं, त्याला म्हणतात ऑप्टिकल फ्लो. त्याच्या दोन मूळ रीती, हॉर्न-शुंक आणि लुकास-कनाडे, दोन्ही १९८१ च्या. त्याच वर्षी १ मे रोजी आपला जालना जिल्हा झाला, म्हणजे तारीख विसरायला तुला सबब नाही. त्यांचं गृहीतक असं, की ठिपक्याचा उजेड बदलत नाही. दोन्ही वर असंही धरून चालतात, की ठिपका फार लांब जात नाही. आजची राइफसारखी शिकवलेली मॉडेलं पुष्कळ पुढं गेली, तरी अडखळतात ती याच जागी. धुरळा उडाला की उजेड बदलला. फोटोग्राफरचा फ्लॅश एका फ्रेमला पडला की शेजारच्या अंदाजी फ्रेम अर्ध्या पांढऱ्या. बैलाच्या पायामागून जमीन उघडी पडली, तर ती आधीच्या फ्रेममध्ये नव्हतीच, मग यंत्र पायाचाच तुकडा ओढून तिथं ठिगळ लावतं. तुझ्या क्लिपमध्ये खुरांभोवती जी चिकट झालर दिसते ती हीच. आणि चाकाचे आरे बघ. सगळे आरे सारखे, यंत्रानं शेजारचा आरा धरला आणि छकडा पुढं पळत असताना चाक उलटं फिरलं. तुझं हे बघून पटाच्या मैदानावरची माणसं हसतील, आणि हसायलाच पाहिजे.

कटचं सांगायलाच नको. बैलावरून थेट गर्दीवर कट आहे, तर मधल्या फ्रेममध्ये बैलाला फेटा आला आहे. हसू नका रे, तुमच्यातल्या निम्म्यांच्या फायलीत हेच आहे. कट ओळखायची मर्यादा प्रत्येक साधनात असते, ती हलवून बघायची, आणि भरवसा नसेल तर क्लिप कटावर तोडून शॉट शॉट वेगळा चालवायचा. डिझॉल्व्हला तर हातच लावू नका. लग्नाच्या कॅसेटीत तो लाल बदामातून उघडणारा इफेक्ट असायचा, आमच्या धंद्यानं त्या काळी फार पाप केलं आहे, त्यावरही इंटरपोलेशन, म्हणजे मधल्या फ्रेमचा हा अंदाज, चालवायचं नाही. कोपऱ्यातली तारीख, नावांची पट्टी, चॅनेलचा शिक्का, हे स्थिर असतं आणि मागचं चित्र पळतं. पट्टीवर मास्क टाकायचा, नाहीतर अक्षरं रबरासारखी ताणतात.

मोबाइलच्या फाइलवर ३० लिहिलेलं असलं म्हणजे ती ३० चीच असते असंही नाही. उजेड कमी झाला की फोन गुपचूप रेट खाली आणतो. आधी रेट एकसारखा करून घे. मग कॉम्प्रेशनचे चौकोन आणि नॉइज हलक्या हातानं कमी कर, कारण यंत्र त्या चौकोनांनाच हलणारी वस्तू समजतं. मग रेट वाढव. मोठं करायचं, धार आणायची ते शेवटी. तू आधी फोर-के केलंस, धार लावलीस आणि मग साठ केलंस. नॉइजला धार, धारेला हालचाल. रात्रभर कॉम्प्युटर तापवून हे मिळवलंस.

आता तुझं नेहमीचं उत्तर येईल, की इंटरनेटवर ती रेल्वे किती छान केली आहे. ल्युमिएर बंधूंची आगगाडी; ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ज्यांची चित्रं दाखवली गेली तेच हे बंधू. २०२० मध्ये एकानं ती साठ फ्रेमची केली आणि ती जगभर फिरली. तू ती पाहिलीस, पण काय पाहिलंस? कॅमेरा जागचा हललेला नाही. साधारण पन्नास सेकंदांचा एकच शॉट, एकही कट नाही. गाडी स्टेशनात शिरताना हळू होत जाते. यंत्राला याहून सोपा पेपर कुणी काढणार नाही. आणि तरीही सेकंदाला जेमतेम सोळा चित्रांचे साठ केले म्हणजे पडद्यावरचं बहुतेक सगळं गणितानं काढलेलं. करणाऱ्याला ते ठाऊक होतं. तू मात्र गिऱ्हाइकाला ‘क्वालिटी वाढवली’ म्हणून सांगितलंस.

जिथं अंदाज फसतो तिथं काय करायचं, हे तू विचारलंच नाहीस, म्हणून मीच सांगतो. तिथं सोडून द्यायचं. त्या शॉटमध्ये मूळ फ्रेम दुबार ठेवायच्या. थोडा झटका दिसेल, दिसू दे. आजीचा चेहरा आहे त्या शॉटला तर अंदाज चालवायचाच नाही. फाइल देण्याआधी एकदा फ्रेम फ्रेम पुढं सरकवत हात, केस, कडा तपासायच्या, आणि एकदा पूर्ण वेगात टीव्हीवर बघायचं. काही दोष थांबवल्यावर दिसतात, काही धावताना. तू दोन्ही केलं नाहीस. रेंडर संपल्याची घंटी वाजली की पेन ड्राइव्ह काढलास.

इथून पुढं हॉलमध्ये शूट करशील तेव्हा जास्त फ्रेम हव्या असतील तर कॅमेऱ्यातच ५० लाव. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात; शटर पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेव, म्हणजे पट्टे येणार नाहीत. लुकलुकणाऱ्या उजेडावर रेट वाढवायला घेशील तर मी ओळखही दाखवणार नाही.

कपाटातून फायरवायरची केबल घे, वहीत सही करून. कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढं नेऊन मागं आण, वीस वर्षं डब्यात पडलेली आहे. कॅप्चर झालेली मूळ फाइल वेगळी ठेव आणि तीही त्यांना दे. बिलावरचं एआय खोड, वरचे पैसे परत कर. आणि आत्ताच्या आत्ता फोन लाव त्यांना, इथं माझ्यासमोर. शुक्रवारी देतो म्हणाला होतास ना? सोमवार सांग.