गावाचे दप्तर आणि फुकटची जागा

गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याची देवळे पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७०च्या दशकात पाहिली आणि त्यांचे वर्णन अहवालात छापले. तो अहवाल आजही उघडून वाचता येतो; त्यासाठी कुणाला दरमहा पैसे भरावे लागत नाहीत. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात मात्र आता गावाचे दप्तर मोबाईलमध्ये जाऊ लागले आहे. वनहक्क दाव्यांचे नकाशे, ग्रामसभेच्या ठरावांचे फोटो, तेंदूपत्त्याच्या फळीवरचा, म्हणजे संकलन केंद्रावरचा, रोजचा हिशेब, बांबूच्या वाहतूक परवान्यांच्या प्रती, सगळे फोनमधून आपोआप क्लाउडवर चढते. फोन ज्याचा, खाते त्याचे. गावाचे काहीच नाही.

क्लाउडची ही जागा फुकट मिळते म्हणून कुणी विचारत नाही. पण फुकटच्या अटी देणारा ठरवतो आणि तोच बदलतो. ड्रॉपबॉक्सने मार्च २०१९ मध्ये फुकट खात्याला तीनच उपकरणांची मर्यादा घातली. गुगलने फोटोंसाठी अमर्याद जागा दिली, लोकांनी आयुष्यभराचे फोटो तिथे नेऊन ठेवले, आणि १ जून २०२१ पासून गुगलने नवे फोटोही फुकटच्या १५ जीबीच्या हिशेबात धरायला सुरुवात केली. त्या १५ जीबीत मेलही येतो. जागा भरली की मेल येणेच थांबते. मग कॉलेजच्या प्रवेशाचे पत्र असो की लिलावाचे.

अशा वेळी काय होते पाहा. पडद्यावर ‘स्टोअरेज भरले’ असे येते. ग्रामसभेच्या सचिवाचे काम करणारा पोरगा घाईत जुने फोटो निवडून काढून टाकतो. त्याला वाटते, फोनमधले गेले, वरचे आहेतच. पण दोन्हीकडे एकच ठेवणे हेच या व्यवस्थेचे काम. इथे पुसले की तिथेही पुसले जाते. गुगल फोटोच्या कचरापेटीत ते ६० दिवस राहतात, त्यानंतर कायमचे जातात. ‘सिंक’ म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे, हे त्याला कुणी शिकवलेलेच नसते.

पैसे मागणे अन्याय आहे असे मी म्हणत नाही. यंत्रे, वीज, माणसे यांचा खर्च खरा आहे, आणि ज्याच्यावर आपले काम चालते त्याचे दाम मोजावे. अन्याय आहे तो आधी सवय लावून मग अट बदलण्यात. आणि पैसे भरण्याची रीतच आपल्या गावांना बसत नाही. वर्गणी महिन्याची, गावाचे उत्पन्न तेंदूच्या हंगामाचे, तेही ठेकेदार देईल तेव्हा. ग्रामसभेचे बँक खाते दोन सह्यांचे. त्यातून आपोआप रक्कम कापली जाणार कशी? शेवटी तो पोरगाच खिशातून भरतो, आणि एखाद्या महिन्यात त्याच्याकडेही नसतात.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना वनखात्याच्याच हाती होता. त्यासाठी गाव झगडले, तेव्हा २७ एप्रिल २०११ रोजी परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्या जिल्ह्यात हे घडले, तिथे गावाच्या हिशेबाचा पासवर्ड एकट्याच्या, कधी तर ठेकेदाराच्या माणसाच्या फोनमध्ये असावा, हे मला सहन होत नाही.

म्हणून क्लाउडचे खाते ग्रामसभेच्या नावाने उघडावे. महिन्याची नव्हे, वर्षाची वर्गणी हंगामाच्या पैशातून एकदाच भरावी. पासवर्ड बंद पाकिटात, ठरावाच्या वहीसोबत कपाटात ठेवावा. एक प्रत हार्डडिस्कवर काढावी आणि ती त्याच घरात ठेवू नये. सिंकथिंगसारखी मोफत, खुली प्रणाली कंपनीच्या जागेशिवाय दोन संगणकांतले दप्तर थेट एकसारखे ठेवते; पण तेही सिंकच, म्हणून हार्डडिस्कची प्रत हवीच. ही प्रणाली बसवायला जाणता माणूस आणि वीज लागते, म्हणून चामोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी पंचायत समितीने हे काम अंगावर घ्यावे. हक्क दिला त्या शासनाने त्याचे दप्तर सांभाळायलाही हात द्यायला हवा, आणि ग्रामसभांनी तो हक्काने मागावा.

येत्या हंगामात फळीमुन्शीची मजुरी, बोरे, गोदामभाडे यांचा खर्च मंजूर होईल, तेव्हा त्याच ठरावात दप्तराच्या जागेची आणि हार्डडिस्कची रक्कम घालावी, आणि ती ओळ सभेत मोठ्याने वाचून दाखवावी.