ही कथा परत ने

ही घे तुझी कथा. गुण दिलेले नाहीत, शोधू नकोस.

मंगळावरच्या वसाहतीत ईरा आणि रेवती या दोन इंजिनिअर एकमेकींच्या प्रेमात पडतात, इथवर ठीक. अठराव्या पानावर दोघी एकत्र येतात आणि एकोणिसाव्यावर भलत्याच कुणावर झाडलेली गोळी ईराला लागते. वर शेवटी टीप जोडतोस, ‘हा विषय आजवर कुणी हाताळलेला नाही’! वाचायचा कंटाळा, मिरवायची हौस मात्र दांडगी.

अरे, शेरिडन ले फानूची ‘कार्मिला’ ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षं आधीची, १८७२ ची. मुलीवर जीव जडलेल्या त्या रक्तपिपासू कार्मिलाला छातीत खुंटी ठोकून, मुंडकं छाटून, जाळून संपवलं. पुढे ही वाट मळतच गेली. ‘बफी’ या टीव्ही मालिकेतली टॅरा २००२ मध्ये मेली, ‘द हंड्रेड’ या मालिकेतली लेक्सा २०१६ मध्ये. दोघीही प्रेयसीच्या जवळ आल्याबरोबर, दोघीही दुसऱ्यावर झाडलेल्या गोळीनं. लेक्साच्या वेळी प्रेक्षक खवळले ते उगाच नव्हे. आता तुझी ईरा तिसरी. याला योगायोग म्हणू की आळस?

‘शोकांतिका आहे, बाई’ हे मला सांगू नकोस. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातली, बाईवर प्रेम करणारी मित्राही जीव देते. पण तेंडुलकर भोवतालच्या समाजाला जाब विचारत होते. तुझ्या ईराला कोण मारतं? तुझी सोय! तेविसाव्या शतकातली हवा, पाणी, कायदेकानू सगळं तू मर्जीनं बेतलंस, आणि दोन बायकांना सोबत म्हातारं होऊ द्यायला तुला जागा सापडली नाही? जोॲना रसला ती १९७२ मध्येच सापडली होती. तिच्या ‘व्हेन इट चेंज्ड’मध्ये साथीत पुरुष संपलेल्या ग्रहावर बायका एकमेकींशी लग्न करतात, मुलं वाढवतात. संकट येतं ते पृथ्वीवरून उतरलेल्या पुरुषांच्या रूपानं. म्हणजे कारणासकट. त्या कथेला नेब्युला पुरस्कार मिळाला.

ईरा मरून सुटली. रेवतीची गत आणखी वाईट. पूर्वी तिचं एका पुरुषावर प्रेम होतं, म्हणून फितूर तीच! स्त्री आणि पुरुष दोघांवर प्रेम करू शकणारी बाई दगाबाजच असते, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस? ‘ब्लॅक मिरर’ मालिकेचा ‘सॅन जुनिपेरो’ हा भाग बघ. केलीनं नवऱ्याशी दीर्घ संसार केलाय. त्याच्यावरचं प्रेम खरं आणि यॉर्कीवरचंही खरं. त्या ओढाताणीवर अख्खी गोष्ट उभी आहे. मरण तिथेही दोघींना आहे, पण ते त्यांनी स्वतः विचार करून पत्करलेलं.

मरणाला माझी ना नाही. फुकटच्या मरणाला आहे. एकोणिसाव्या पानापासून पुढचं सगळं फाड. ईराला जगव, रेवतीला माणूस कर आणि सोमवारी नवी प्रत घेऊन ये. ती टीपही खोडून टाक.