न संपणारा पोर्शन

जानेवारी सरत आला की आपल्या घराघरांत एक प्रश्न ऐकू येतो : 'पोर्शन झाला का?' मुख्याध्यापक शिक्षकांना विचारतात, आया मुलांना विचारतात, आणि क्लासवाले तर जाहिरातीतच सांगतात की आमच्याकडे दिवाळीपूर्वी पोर्शन संपतो, पुढे नुसती रिव्हिजन. पोर्शन ही संपवायची गोष्ट आहे, यावर आपलं एकमत आहे. संपला की पुस्तक रद्दीत, नाहीतर शेजारच्या धाकट्याकडे.

ज्यू प्राथमिक शाळेत याच अर्थाचा शब्द वेगळा वागतो. न्यूयॉर्क, लंडन, मेलबर्न, जेरुसलेम, गाव कुठलंही असो, धार्मिक वळणाच्या ज्यू शाळेत चालू आठवड्याला स्वतःचं नाव असतं. ते नाव त्या आठवड्याच्या 'पार्शा'चं. पार्शा म्हणजे भाग, हिस्सा, म्हणजे पोर्शनच. तोराचे, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांचे, असे 54 भाग पाडलेले आहेत. दर शनिवारी सिनेगॉगमध्ये एक भाग वाचला जातो. आठवडे कमी पडले तर दोन भाग जोडून घेतात. शेवटचा भाग सिम्हात तोराच्या सणाला वाचून होतो आणि त्याच बैठकीत पहिल्या ग्रंथाची सुरुवात पुन्हा वाचली जाते. मध्ये एका दिवसाचीही सुट्टी नाही.

याचा वर्गातला परिणाम साधा आहे आणि खोलही. नोहाच्या तारवाची गोष्ट या क्रमात दुसरी, त्यामुळे ती दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येते. सहाव्या वर्षी शाळेत आलेल्या मुलीला बाराव्या वर्षापर्यंत ती पाच-सहा वेळा भेटते. पहिल्यांदा तिला हत्ती आणि जिराफ जोडीजोडीने रंगवायचे असतात. दोन-तीन वर्षांनी ती विचारू शकते, जे तारवाबाहेर राहिले त्यांचं काय? आणखी मोठी झाली की तिच्या ध्यानात येतं, पूर ओसरल्यावर नोहाने द्राक्षमळा लावला आणि दारू पिऊन तो तंबूत पडला. रंगवायच्या कागदावर हे कधी नव्हतं. गोष्ट तीच राहते, तिच्यापुढे बसलेली मुलगी बदलते. आणि आपण बदललो हे कळण्यासाठी काहीतरी न बदलणारं समोर असावं लागतं.

हे आपल्याला अनोळखी नाही. ज्ञानेश्वरीचं पारायण, गुरुचरित्राचा सप्ताह, गावच्या हरिनाम सप्ताहाचा मांडव : वाचलेलं पुन्हा वाचण्याची रीत मराठी माणसाच्या अंगवळणी आहे. शेवटची ओवी झाली म्हणून कोणी ज्ञानेश्वरी रद्दीत घालत नाही. पण आपण एक वाटणी करून ठेवली आहे. पोथी पुन्हा वाचायची, पाठ्यपुस्तक संपवायचं. ज्यू शाळेने ही वाटणी मानली नाही. तिथे पोथीच पाठ्यपुस्तक आहे, आणि तिला हात जोडण्याइतकंच तिला प्रश्न विचारणंही महत्त्वाचं.

प्रश्न विचारण्याची ही तालीम मोठी शिस्तीची असते. खालच्या वर्गांत कधीतरी मुलांच्या हाती स्वतःचं 'खुमाश', म्हणजे पाच ग्रंथांचं छापील पुस्तक, समारंभाने दिलं जातं. पुढच्या एक-दोन वर्षांत मजकुराभोवतीची टीका वाचायला शिकवतात, आणि टीकाकारांत पहिला मान राशीचा. ज्योतिषातल्या राशीशी याचा संबंध नाही. रब्बी श्लोमो यित्झाकी या नावाची ती आद्याक्षरं. हा फ्रान्समधल्या त्र्वा गावचा पंडित 1105 साली वारला, तरी आजही आठ-नऊ वर्षांची मुलं त्याच्या ओळींवर बोट ठेवून वाचतात. शिक्षक त्यांना आधी 'राशी काय म्हणाला' असं विचारत नाहीत. विचारतात, राशीला खटकलं काय? टीप म्हणजे उत्तर; त्यामागचा प्रश्न मुलांनी हुडकायचा. एके ठिकाणी मजकुरात रिबकेचा उल्लेख 'याकोब आणि एसाव यांची आई' असा येतो. इतक्या प्रकरणांनंतर हे कोणाला ठाऊक नाही? मग पुन्हा का सांगितलं? त्यावर राशी सरळ लिहितो की यातून काय शिकायचं ते मला माहीत नाही. एवढ्या थोर भाष्यकाराचं हे 'माहीत नाही' दरवर्षी छापलं जातं आणि मुलांकडून वाचून घेतलं जातं. आपल्या गाइडांत असं एक वाक्य सापडेल का?

सगळ्यात अवघड आठवडा 'वायेरा'चा. याच एका भागात ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम सदोम शहराचा नाश करायला निघालेल्या देवाशी घासाघीस करतो : तिथे पन्नास सज्जन निघाले तर ते वाचवशील ना? पंचेचाळीस? चाळीस? करत करत तो दहावर येतो. आणि याच भागाच्या शेवटी देव त्याच्याकडे त्याचा मुलगा इसहाक बळी म्हणून मागतो, तेव्हा हा माणूस सकाळी लवकर उठून गाढवावर खोगीर चढवतो. परक्यांसाठी भांडणारा बाप पोटच्या पोरासाठी गप्प का? विद्वान शतकानुशतकं याच प्रश्नापाशी अडले, आणि वर्गातल्या एखाद्या मुलालाही तो अडवू शकतो. चांगला शिक्षक तिथे उत्तर देऊन मोकळा होत नाही. पुढच्या वर्षी हा आठवडा पुन्हा येणार, हे त्याला माहीत असतं. पोर्शन संपवण्याची घाई नसली की प्रश्न उघडा ठेवणं परवडतं.

मग येतो शुक्रवार. त्या संध्याकाळी 'शब्बाथ', म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. बालवर्गात एक मुलगी 'शब्बाथची आई' होते, एक मुलगा 'शब्बाथचा बाप'. खोट्या मेणबत्त्या, द्राक्षांचा रस, वेणीसारखा वळलेला खल्ला पाव. मोठ्या वर्गांतली मुलं दप्तरात पार्शाचे प्रश्न लिहिलेला कागद घरी नेतात. या गृहपाठात एक गंमत आहे. शब्बाथला जी 39 प्रकारची कामं वर्ज्य, त्यांत लिहिणंही येतं. त्यामुळे शुक्रवारी सूर्य मावळला की हा गृहपाठ लिहिताच येत नाही. तो बोलावाच लागतो, जेवणाच्या टेबलावर, आजोबांच्या समोर, धाकट्या भावाच्या कटकटीत. वह्या तपासायचा प्रश्न नाही, लाल शाई नाही. एका धार्मिक निषेधाने नकळत शिक्षणशास्त्रातलं मोठं काम केलं : आठवड्यातून एकदा ज्ञान कागदावरून उठवून जिभेवर आणलं.

पण मेज म्हटलं की घर आलं, आणि ज्याच्या घरी असं मेज नाही त्याने काय करायचं? हा पेच फार जुना आहे. तालमूद हा ज्यूंचा जुना धर्मशास्त्रग्रंथ सांगतो की पूर्वी बाप मुलाला शिकवायचा, आणि ज्याला बाप नव्हता तो अडाणी राहायचा. मग जेरुसलेमला शिक्षक नेमले. तरी बाप असलेलीच मुलं तिथवर पोचली. मग सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी सोय केली. शिक्षक रागावला की ती निघून जात. शेवटी पहिल्या शतकात यहोशुआ बेन गामला या मुख्य याजकाने गावोगाव शिक्षक नेमून सहा-सात वर्षांची मुलं शाळेत बसवली. तिथेच हिशेबही आहे : एका शिक्षकामागे 25 मुलं, 40 झाली तर मदतनीस, 50 झाली तर दुसरा शिक्षक. आपल्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी एकास तीस हे प्रमाण ठरवलं. मुळात ही ज्यू शाळा जन्मली ती बाप नसलेल्या मुलासाठी. शुक्रवारचा कागद घरी पाठवताना या मुलाचा विसर पडला, तर ती शाळा आपलं जन्मकारणच विसरली.

विसरही पडतोच. मुलींना या बाकांवर बसायला फार वाट पाहावी लागली. सनातनी घरांतल्या मुलींसाठी शाळा काढायला 1917 साली क्राकोवमध्ये शिवणकाम करणारी सारा श्निरर पुढे यावी लागली. अमेरिकेत ज्यू शाळांची फी अनेक मध्यमवर्गीय घरांना पेलत नाही. न्यूयॉर्कमधल्या हसिदी या कर्मठ ज्यू पंथाच्या काही शाळांत मुलांना इंग्रजी आणि गणित पुरेसं शिकवत नाहीत, यावरून मोठा वाद झाला आणि 2022 मध्ये राज्याने नियम कडक केले. तेच ते पुन्हा वाचण्याने नजर खोल होते, हे खरं. खिडक्या बंद करून वाचलं तर तीच आवर्तनं भिंत होतात, हेही तितकंच खरं.

या सगळ्यात खरा आधार कोणाचा, पुस्तकाचा की आठवड्याचा? उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. ते अलिबागच्या परिसरात आहे. कोकणातल्या बेने इस्रायल लोकांपाशी कित्येक पिढ्या तोराची पोथी नव्हती, हिब्रू जवळजवळ विस्मरणात गेली होती. 'शेमा'ची प्रार्थना उरली, काही रीतिरिवाज उरले, आणि शनिवार उरला. तेल गाळणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. पुस्तकं नंतर आली. 1875 साली अलिबागजवळच्या किहीम गावचं नाव आडनावात वागवणाऱ्या हाईम सॅम्युएल केहिमकरांच्या पुढाकाराने मुंबईत त्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. पुढे ती माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. बेने इस्रायलांचं इस्रायलकडे स्थलांतर झालं, आणि आज त्या शाळेत शिकणारी बहुतेक मुलं ज्यू नाहीत.

मला मात्र त्या शाळेच्याही आधीचा वर्ग दिसतो. ना फळा, ना खुमाश, ना राशी. रोज करकरणारा घाणा एका सकाळी गप्प आहे, बैल गोठ्यात रवंथ करतो आहे, आणि अंगणातलं पोर विचारतं, आज घाणा का बंद? थोरल्यांना जेवढं आठवत असेल तेवढं ते सांगतात. पुढच्या शनिवारी घाणा पुन्हा बंद, आणि तोवर विचारणारं पोर आठवडाभराने मोठं झालेलं.