राखणदार

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दोनतीन वर्षांआड वरच्या वर्गाची सहल अजिंठ्याला नेतो. गेल्या सहलीत दहाव्या लेण्यात वाटाड्याने एका खांबावर कोरलेले नाव दाखवले : जॉन स्मिथ, 28 एप्रिल 1819. नाव बोधिसत्त्वाच्या चित्रावरच खरवडलेले आहे. एक पोरगा म्हणाला, "सर, आम्ही बाकावर नाव कोरलं तर तुम्ही अंगठे धरायला लावता. याचं मात्र जपून ठेवलंय!" मुले हसली, आम्हीही हसलो. परतीच्या वाटेवर मात्र दुसऱ्या एकाने हळूच विचारले, "सर, ये अपना है क्या?" आणि आमच्याकडे चटकन उत्तर नव्हते.

वाघूर नदीच्या काठी, घोड्याच्या नालेसारख्या वळणावर ही लेणी आहेत. पहिली इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातली. बाकीची बहुतेक पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात खोदली गेली. पुढे भिक्षू गेले, दरड ढासळली, झाडी माजली. मग वाघाच्या शिकारीला आलेल्या या स्मिथला लेणी 'सापडली', असे आपण पुस्तकात शिकवतो. पण परिसरातल्या गावाचे नावच लेणापूर! ज्या गावाने लेण्यांवरून नाव घेतले, त्याला ती ठाऊक नव्हती असे कसे म्हणावे? हरवली होती ती दूरच्या जगाला.

म्हणून आम्हाला वाटते, सर्वांत आधी पाहणे म्हणजे शोध नव्हे. पाहिल्यावर जी जिम्मेदारी येते, ती उचलणे म्हणजे शोध. स्मिथने पाहिले आणि नाव कोरले. 1844 मध्ये नेमलेल्या रॉबर्ट गिलने चित्रांच्या नकला काढण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घातली. त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन 1872 पासून पुन्हा तेच काम करीत राहिले; 1885 च्या आगीत त्यांच्याही कितीतरी नकला गेल्या. या मंडळींचे प्रेम खरे होते. पण चित्रे उजळ दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश फासले गेले, आणि त्यानेच रंग झाकोळले. नुसते प्रेम पुरत नाही, राखण शिकावी लागते.

अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1914 मध्ये हैदराबादेत पुरातत्त्व खाते निघाले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. 1920 ते 1922 या काळात इटलीहून तज्ज्ञ आणून सुटणारा गिलावा पक्का करण्यात आला. त्यांनी वापरलेली लाखही पुढे काळवंडली, हेही सांगितले पाहिजे. सय्यद अहमद यांच्यासारख्या चित्रकारांनी नकला केल्या. यझदानींचा अजिंठ्यावरचा ग्रंथ चार भागांत 1930 पासून 1955 पर्यंत निघत राहिला. राज्य गेले, निजामशाही संपली, तरी त्या माणसाने हाती घेतलेले काम सोडले नाही.

कुणी विचारील, मूर्ती न पूजणाऱ्याने बुद्धाची चित्रे का सांभाळावीत? आमचे उत्तर साधे आहे. राखणे म्हणजे पूजणे नव्हे. आपल्या पैगंबरांना (स.) मक्केतले लोक 'अल-अमीन' म्हणत. हिजरतीच्या वेळी त्यांनी हजरत अलींना मागे ठेवले ते लोकांच्या अमानती ज्याच्या त्याला पोचवण्यासाठी. त्या अमानती त्यांना गाव सोडायला लावणाऱ्या मक्केतल्याच लोकांच्या होत्या! अमानत सांभाळताना ठेवणाऱ्याचा धर्म विचारायचा नसतो.

2001 च्या मार्चमध्ये अफगाणिस्तानात बामियानचे दोन बुद्ध तालिबानने सुरुंग लावून उडवले, तेव्हा आम्हाला पोरांसमोर उभे राहणे जड गेले होते. पण त्याच डोंगराखाली शतकानुशतके मुसलमान नांदले, आणि त्यांनी त्या मूर्तींना सलसाल आणि शहमामा अशी नावे देऊन त्यांच्या प्रेमकथा रचल्या. तोडणाऱ्यांची बातमी झाली. इतकी शतके शेजार करणाऱ्यांची कधी झाली नाही.

तरी यझदानींचे नाव घेताना आम्ही स्वतःला एका गोष्टीपासून जपतो. 'बघा, आमच्या माणसाने तुमचे लेणे वाचवले,' असे म्हणून दाखला मागायला जाऊ नये. अमानत परत करणारा पावती फ्रेम करून भिंतीवर टांगत नाही. शिवाय त्या कामाचा पैसा निजामाच्या एकट्याच्या घामाचा नव्हता. त्यात मराठवाड्यातल्या कुणब्याचा, महाराचा, मोमिनाचा, साऱ्या रयतेचा सारा होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही त्या मुलाला उभे केले आणि म्हटले, "बेटा, तू पूछा था ना, अपना है क्या? अपने हवाले है." तो खाली बसला. त्याला कितपत कळले, माहीत नाही. मधल्या सुट्टीत मात्र तो करकटकाने कोरलेले स्वतःचे नाव बाकावरून ओल्या फडक्याने घासत होता. कोरलेले नाव असे निघत नाही, हे त्याला सांगायचे आम्ही टाळले.