समेटाचा कागद

भंडारा-गोंदियाकडच्या वर्तमानपत्रांत एक बातमी सारखी येते: तंटामुक्त गाव समितीने प्रेमी युगुलाचं लग्न लावून दिलं. घरच्यांचा विरोध, अध्यक्षांची मध्यस्थी, हार घातलेलं जोडपं आणि मागे गावकऱ्यांची रांग. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ती गावातली भांडणं गावातच मिटावीत म्हणून. लग्नं लावण्याचं काम इकडच्या समित्यांनी आपणहून अंगावर घेतलं, आणि मला ते मनापासून आवडतं. दोघांनी एकमेकांना पसंत केलं एवढ्यावर गाव त्यांच्या पाठीशी उभं राहतं, ही लहान गोष्ट नाही.

त्याच समितीपुढे पुढे कधीतरी एखादं जोडपं दुसऱ्याच कारणाने येतं. त्या बैठकीची बातमी होत नाही.

बैठकीची रीत साधारण ठरलेली असते. आधी नवऱ्याला चार शब्द सुनावले जातात, मग बायकोला. भांड्याला भांडं लागायचंच, तूही जरा तोंड आवर, लेकरांकडे बघ. सासर-माहेरची माणसं समोरासमोर बसलेली. नवरा लिहून देतो की यापुढे दारू पिणार नाही, मारझोड करणार नाही. बायको लिहून देते की माझी तक्रार नाही, मी नांदायला तयार आहे. खाली सह्या, एखादा अंगठा. नोंदवहीत तंटा मिटला.

या सगळ्यामागे एक समजूत आहे: संसारात सुख कमी पडलं म्हणून हात उठला, तेव्हा दोघांनी एकमेकांना सुखात ठेवावं, हात आपोआप खाली येईल. गावच कशाला, शहरातले समुपदेशकही पुष्कळदा याच समजुतीवर चालतात. ती निखालस खोटी नाही. असमाधानी जोडप्यांत मारहाण जास्त आढळते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. पण असमाधानामुळे मार की मारामुळे असमाधान, हे त्यातून कळत नाही. मार खाणारी बाई संसारात समाधानी नाही, हे सांगायला अभ्यास तरी कशाला हवा?

अवघड प्रश्न उलटा आहे. मार खाऊनही जी ‘बरं चाललंय’ म्हणते, तिचं काय? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्क्यांनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्याच सर्वेक्षणात देशभरातल्या ४५ टक्के स्त्रियांना वाटतं की काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे. पुरुषांचं प्रमाण ४४ टक्के. कारणं सात विचारली होती. न सांगता घराबाहेर जाणं, उलट बोलणं, स्वयंपाक नीट न करणं, सासरच्यांचा मान न ठेवणं, अशी. समाधान हे अपेक्षेच्या मापाने मोजलं जातं. अपेक्षाच एवढी आखूड केली की आठवड्यातून एकदाच मारणारा नवरा ‘तसा चांगला’ ठरतो. म्हणून सुखाची कबुली हा मार थांबल्याचा पुरावा मी धरणार नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मायकल जॉन्सन यांनी १९९५ मध्ये केलेला एक भेद इथे कामाचा आहे. काही घरांत भांडण तापतं आणि कुणाचाही हात सुटतो. नंतर दोघांनाही वाईट वाटतं. काही घरांत मात्र मार हे राज्य चालवण्याचं साधन असतं. मजुरीचे पैसे कुणाच्या हाती राहतील, फोनवर कुणाशी बोलायचं, माहेरी कधी जायचं, हे सगळं त्यातून ठरतं. तिथे रोज मारायचीही गरज नसते, एकदा मारलेलं पुरतं. पहिल्या घरात चार शहाण्या माणसांची बैठक खरोखर उपयोगी पडते. दुसऱ्या घरात तीच बैठक बाईला जिथून आली तिथेच, सगळ्यांच्या साक्षीने, परत पोचवते.

यावर ‘ताण’ हे उत्तर लगेच पुढे येतं. धान खरेदी केंद्रावर दिलं, चुकारे थकले, उधारी वाढली, माणूस पिऊन आला. दारूचा भाग खरा आहे. याच सर्वेक्षणानुसार ज्यांचे नवरे वारंवार झिंगून येतात, अशा स्त्रियांपैकी ७० टक्क्यांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. न पिणाऱ्यांच्या बायकांत हे प्रमाण २३ टक्के. पण या २३ टक्क्यांचे नवरे कोरडेच आहेत, हेही पाहायला हवं. आणि ज्याचे चुकारे थकतात तो केंद्रावरच्या ग्रेडरची कॉलर धरत नाही, सावकारापुढे आवाज चढवत नाही. भान सुटलेला माणूस इतकं भान नेमकं कसं ठेवतो? शिवाय त्याच बांधीत दिवसभर वाकून रोवणी केलेल्या बाईला ताण नसतो का?

तुमसर तालुक्यातल्या सिहोऱ्यासारख्या गावात आणखी एक अडचण आहे. तुमसरहून सिहोऱ्यावरून बपेऱ्याकडे जाणारा रस्ता बावनथडी ओलांडून बालाघाट जिल्ह्यात शिरतो. नदीच्या दोन्ही काठांवर पोवारांची, इतरांचीही सोयरीक आहे. माहेर मध्य प्रदेशात, सासर महाराष्ट्रात. मार खाऊन माहेरी गेलेल्या बाईला ‘तक्रार जिथे घडलं तिथेच कर’ असं सांगितलं, की ती परत त्याच गावात, त्याच बैठकीत. कायदा असं म्हणत नाही. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००६ च्या ऑक्टोबरात लागू झाला, तेव्हापासून ती तात्पुरती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. छळाच्या फौजदारी तक्रारीबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात सांगितलं, की बाईने जिथे आसरा घेतला तिथेही ती नोंदवता येते. मनावरचा घाव माहेरीही सोबत येतो.

समित्या मोडीत काढा असं मी म्हणत नाही. पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी बाई गावातल्याच कुणाकडे तरी जाणार. पण सर्वेक्षणातून एक गोष्ट घेता येईल. हिंसेचे प्रश्न तिथे घरातल्या एकाच स्त्रीला, एकांतात विचारतात. सासू किंवा नवरा कानावर पडेल इतक्या अंतरावर असेल आणि एकांत मिळत नसेल, तर ते प्रश्न सोडून देतात. आकडेवारीसाठी एवढी काळजी, आणि जिच्या रात्रीचा निकाल लागायचा आहे तिला मात्र वीस माणसांत, नवऱ्याच्या तोंडासमोर विचारायचं: सांग बाई, नांदतेस ना? समितीतल्या एखाद्या महिला सदस्याने तिला आधी बाजूला नेऊन विचारावं. घरी जायची भीती वाटते का? पैसे कुणाकडे असतात? गेल्या वेळच्या कागदानंतर काय झालं? उत्तर भीतीचं असेल, तर त्या दिवशी समेटाचा कागद लिहूच नये. तिला घेऊन कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जावं. नोंदवहीत तो तंटा न मिटलेला राहिला तरी चालेल.