चूक कोणाची, प्रमाण कोणाचे?

युरोपात इंग्रजीचा एक स्वतंत्र भाषाभेद आकाराला येत आहे काय, हा प्रश्न २०२० मध्ये ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर अधिक निकडीचा झाला. आता आयर्लंड आणि माल्टा हे दोन देश वगळता संघात इंग्रजीला कोठेही राजभाषेचे स्थान नाही, तरी बराचसा अंतर्गत व्यवहार तीतूनच चालतो. संघाच्या लेखापरीक्षण संस्थेतून २०१३ साली गैरवापरातील इंग्रजी शब्दांची एक पुस्तिका निघाली होती. 'ॲक्च्युअल' हा शब्द 'सध्याचा' या अर्थी योजला जातो, हे तीतील एक उदाहरण. मार्को मोदियानो यांच्यासारखे अभ्यासक अशाच प्रयोगांना नव्या भाषाभेदाची लक्षणे मानतात. सामग्री एकच, निवाडे मात्र परस्परविरोधी. तेव्हा वाद सामग्रीचा नसून अधिकाराचा आहे.

एखादा प्रयोग पुष्कळांनी केला म्हणजे तो नियम झाला, असे म्हणता येत नाही. नियम पाळणे आणि आपण तो पाळतो आहोत असे वाटणे यांतील भेद विट्गेन्श्टाइनने दाखवलाच आहे. माझ्या मते भाषाभेदाची खूण त्याच्या समाईक चुकांमध्ये नसते. त्या भेदाच्या आत, त्याच्याच मापाने, चूक करणे शक्य व्हावे लागते.

खडकवासल्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५४ च्या अखेरीस डेहराडूनहून येथे आली. नाना प्रांतांचे, शिवाय मित्रदेशांचेही छात्र येथे इंग्रजीतून शिकतात आणि बहुतेकांची ती मातृभाषा नसते. शिक्षेदाखल घेतल्या जाणाऱ्या शारीरिक कष्टांना त्यांच्या बोलण्यात 'रगडा' म्हणतात. एखाद्या नवागताने हा शब्द भलत्या ठिकाणी योजला, तर त्याला सुधारणारा ज्येष्ठ छात्र ऑक्सफर्डचा कोश उघडणार नाही. एका शब्दाने भाषाभेद सिद्ध होत नाही, हे खरेच. पण दुरुस्तीचा अधिकार कोठे वसू शकतो, हे त्यावरून कळते.

निसिम इझिकेल यांच्या भारतीय इंग्रजीतील कवितांचे काय? त्यांतील अपूर्ण क्रियापदांचा अतिरेक वाचून आपण हसतो, आणि हसताना स्वतःला त्या बोलीबाहेर उभे करतो. परंतु साधलेले अनुकरण आणि फसलेले अनुकरण यांतील फरक आपल्याला लगेच ओळखू येतो. म्हणजे प्रमाण आपल्याला ठाऊक असते. आपण फक्त त्याला मान देत नाही. यातील नैतिक अडचण मराठीच्या प्राध्यापकांना अपरिचित नसावी. ब्रज काचरूंचा आधार घेऊन भारतीय इंग्रजीची वकिली करणारे आपण, वऱ्हाडी वळणाच्या वाक्याखाली मात्र लाल रेघ ओढतो. १९६२ चे नियम लेखनाचे आहेत. वाक्याच्या वळणावरची ही रेघ त्यांतून निघत नाही.

युरोपबाबत मी साशंक आहे तो याच कारणाने. त्या पुस्तिकेतील दुरुस्तीचा निकष ब्रिटन-आयर्लंडचा वाचक हाच होता. ब्रुसेल्समध्ये एखादा पोलिश अधिकारी स्पॅनिश सहकाऱ्याची चूक लंडनची साक्ष न काढता दाखवू लागला आहे काय, याचा शोध प्रथम घ्यावा लागेल.